खाडा कळतो ना? मग 'इफ'ही कळेल

पत्र

ताई, मी पुण्यात एफवायबीएला आहे. मुख्य विषय अर्थशास्त्र. गाव सोलापूर जिल्ह्यात, शाळा मराठी माध्यमाची. या सेमिस्टरला दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यायचा होता, म्हणून मी पायथन प्रोग्रामिंगचा प्राथमिक कोर्स घेतला. सहा आठवडे झाले, मला काहीच येत नाही. सर इंग्रजीत आणि भरभर शिकवतात. प्रॅक्टिकलला दोघांत एक कॉम्प्युटर. माझा पार्टनर शाळेपासून कोडिंग करतो, तोच टाइप करतो, मी बघत बसते. जर्नल मी सीनियरच्या वहीवरून उतरवते. घरी द्यायचे प्रोग्राम मैत्रीण चॅटजीपीटीकडून काढून देते. इंटर्नलला १५पैकी ३ पडले.

मागच्या आठवड्यात एकदाच मी स्वतः प्रोग्राम लिहिला, १ ते १० ची बेरीज. उत्तर ५५ यायला हवं, ४५ आलं. पार्टनरने काहीतरी बदललं आणि ५५ आलं. त्याने काय बदललं ते मला अजून माहीत नाही. माझ्याकडे लॅपटॉप नाही, फोन आहे. दहावीला गणितात ५८ होते. विषय सोडू का? की माझं डोकंच या कामाचं नाही?

— सदाशिव पेठेतली एक विद्यार्थिनी

उत्तर

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ४५पाशी थांबले. सहा आठवड्यांत तू स्वतः लिहिलेला तो एकच प्रोग्राम. तो चालला, त्याने उत्तर दिलं, आणि ते चुकीचं आहे हे तुला कळलं, कारण उत्तर काय यायला हवं ते तू आधीच काढून ठेवलं होतंस. वर, आठवडा उलटला तरी 'त्याने काय बदललं' हा प्रश्न तुझ्या मनातून गेलेला नाही. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. ५५ दिसल्यावर हुश्श करून जर्नल मिटवणारी मुलं मी रोज बघते. तुला तो प्रश्न टोचत राहिला आहे, म्हणून तुला सविस्तर लिहिते.

आधी ते ४५ निस्तरू. तू बहुधा 'फॉर आय इन रेंज', आणि कंसात १ स्वल्पविराम १० असं लिहिलं असशील. पायथनची रेंज १पासून सुरू होते आणि १०च्या आधी थांबते. म्हणजे १ ते ९, आणि त्यांची बेरीज ४५. तुझ्या पार्टनरने १०चे ११ केले. एवढंच.

हे तुला विचित्र वाटेल, पण आपल्या मराठीतलं 'पर्यंत' नीट ऐकून बघ. 'सोमवारपासून शुक्रवारपर्यंत कॉलेज आहे' म्हटलं की शुक्रवार धरायचा. 'दहापासून पाचपर्यंत ऑफिस आहे' म्हटलं की पाच वाजता उठायचं, पाचचा तास धरायचा नाही. एकाच शब्दाचे दोन अर्थ आपण रोज वापरतो आणि अडखळत नाही. पायथनने त्यातला घड्याळाचा अर्थ घेतला. त्याची सोयही आहे. १पासून १०पर्यंत एक तुकडा, १०पासून २०पर्यंत दुसरा, असे तुकडे जोडले तर कुठलाही आकडा दोनदा येत नाही की गळत नाही. सरांनी हे सांगितलंही असेल, पण भरभर बोलण्यात निसटलं असेल.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. तुला प्रोग्रामिंग येत नाही असं तू म्हणतेस. मला पत्रातून दिसतं ते असं, की तू अजून प्रोग्रामिंग केलेलंच नाहीस. तयार प्रोग्राम पाहिलेस, उतरवलेस, दुसऱ्याच्या बोटांखाली टाइप होताना बघितलेस. पोळ्या लाटताना वर्षभर नुसतं बघितलं तरी आपली पहिली पोळी नकाशाच होते, तसंच हे आहे. त्या १५पैकी ३ मार्कांनी तुझं डोकं मोजलेलं नाही, कारण ते डोकं या कामाला अजून लागलेलंच नाही.

मी १९९३ साली पुण्यात शिकायला लागले तेव्हा आम्हाला आठवड्यातून दोन तास संगणक मिळायचा आणि एका यंत्रावर आम्ही तिघी असायचो. कळफलक माझ्या वाट्याला यायचा शेवटची दहा मिनिटं. त्या कॉलेजबद्दल माझ्या मनात आजही राग आहे, कारण यंत्र कमी होती हे समजू शकतं, पण पाळी लावून देणं कुणालाही जमलं असतं. उरलेला आठवडा मी पाठकोऱ्या कागदांवर प्रोग्राम लिहायचे आणि स्वतःच संगणक होऊन ते चालवायचे. त्याला आम्ही ड्राय रन म्हणायचो, अजूनही म्हणतो. पुढे कंपनीत वीसेक वर्षं काम करताना मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते त्या कागदांवर शिकलेलं.

तू आज रात्री एवढंच कर. वहीच्या पानावर दोन रकाने आख. एकावर लिही 'आय', दुसऱ्यावर 'बेरीज'. तुझाच प्रोग्राम घे, फक्त १०च्या जागी ४ कर, म्हणजे हात लवकर मोकळा होईल. पहिली ओळ म्हणते बेरीज शून्य. लिही ०. मग आय झाला १, बेरीज १. आय २, बेरीज ३. आय ३, बेरीज ६. मग ४ येतो का? येत नाही, लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं) संपला. छापायचे ६. प्रत्येक नवा आकडा लिहिताना जुन्यावर काट मार, खोडू नकोस. नंतर त्याच काट मारलेल्या आकड्यांवरून तुला कळेल की गोष्ट कुठे बिघडली.

इथे एक जागा अशी आहे जिथे शाळेत गणित मन लावून केलेली मुलंसुद्धा अडतात. 'बेरीज = बेरीज + आय' ही ओळ गणिताच्या वहीत खोटी आहे, कारण कुठलीच संख्या स्वतःत आणखी काही मिळवून स्वतःइतकीच राहत नाही. पायथनमध्ये ते बरोबरीचं चिन्ह 'समान आहे' असं म्हणतच नाही. ते म्हणतं, उजवीकडचा हिशोब आधी कर आणि येईल ते डावीकडच्या नावाखाली ठेव. पासबुकासारखं: नवी शिल्लक म्हणजे जुनी शिल्लक अधिक आजची जमा. दोन गोष्टी समान आहेत का हे विचारायचं असेल, तर चिन्ह दोनदा द्यावं लागतं. अर्थशास्त्राच्या मुलीला पासबुक समजावून सांगायची गरज नाही.

आधी प्रोग्राम वाचायला शिकावं, मग लिहायला, हे माझं एकटीचं मत नाही. २००४ साली रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या नवशिक्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. प्रोग्राम लिहायला न सांगता, छोटे तुकडे देऊन 'हे चाललं तर उत्तर काय येईल' किंवा 'गाळलेल्या जागी यांतलं काय बसेल' एवढंच विचारलं. बऱ्याच जणांना तेही नीट जमलं नाही. ज्याला दहा ओळी ओळीगणिक वाचता येत नाहीत त्याला दहा ओळी लिहायला सांगणं म्हणजे बाराखडीआधी निबंध मागणं. आपल्याकडे वाचायला शिकवण्यात कुणी फारसा वेळ घालवत नाही, म्हणून तो तुला स्वतः द्यावा लागेल.

आता तुझा पार्टनर. तो पुढे आहे, पण कशाने पुढे आहे ते बघ. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी नेमका हाच प्रश्न वर्षानुवर्षं अभ्यासला. संगणकशास्त्राच्या वर्गात मुली का टिकत नाहीत? त्यांना दिसलं की घरी, शाळेत आधीच प्रोग्रामिंग केलेली मुलं पहिल्या दिवसापासून भरभर बोलत, आणि बाकीच्यांना तो नुसता सराव आहे असं न वाटता जन्मजात बुद्धी आहे असं वाटे. विद्यापीठाने प्रवेशाची रीत बदलली, अनुभव नसलेल्यांसाठी वेगळी सुरुवात ठेवली. पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलींचं प्रमाण १९९५मध्ये ७ टक्के होतं, २०००मध्ये ४२ टक्के झालं. पाच वर्षांत मुलींची डोकी बदलत नाहीत.

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला आत शिरल्या शिरल्या, तो खुर्चीवर बसायच्या आधी, त्याला सांग, "आज पहिला अर्धा तास मी टाइप करणार, तू शेजारी बसून बघ. मी अडले तर सांग, पण माऊसला हात लावू नकोस." नोकरीत दोघांनी मिळून काम करताना अशीच पाळी लावतात, एक कळफलकावर आणि एक नजर ठेवायला. तो मुलगा वाईट नसेल, बहुतेक नसतात. त्याला फक्त सवय झाली आहे. ऐकलं नाही तर सरांना सांगून बॅच बदलून घे, त्यात संकोच करण्यासारखं काहीही नाही.

इंग्रजीची भीती मला कळते, मीही मराठी माध्यमातली आहे. पण एक हिशोब कर. पायथनमध्ये राखीव शब्द, म्हणजे भाषेने स्वतःसाठी ठेवलेले, अवघे ३५ आहेत. मी शिकले त्या सी भाषेत ३२ होते. पहिल्या कोर्सला त्यातले पंधरा-वीस पुरतात. इफ, एल्स, फॉर, व्हाइल, रिटर्न. प्रिंट, इनपुट, रेंज अशी काही तयार नावं सोडली तर बाकीची तू ठेवायची असतात, आणि पायथन ३मध्ये ती देवनागरीतही चालतात. 'बेरीज', 'खाडे', 'शिल्लक' असं लिही, प्रोग्राम तक्रार करणार नाही. इनपुटला, म्हणजे प्रोग्राम चालताना बाहेरून, कुणी '१२' असा मराठी आकडा दिला तर 'इंट' (अक्षरांचा पूर्णांक करणारी सूचना) त्याचेही बारा करून देतो. प्रोग्रामच्या ओळीत थेट लिहायचे आकडे मात्र इंग्रजीच लागतात. कधी मजा म्हणून 'मराठी' या शब्दाची लांबी विचारून बघ. आपण तीन अक्षरं म्हणतो, पायथन पाच सांगतो: म, र, काना, ठ, वेलांटी. वर्गात हे ठाऊक असणारी तू एकटीच निघशील.

जे इंग्रजी खरंच वाचावं लागतं ते लाल अक्षरांतलं. एरर आली की मुलं घाबरून वरून वाचायला लागतात. तू खालून वाच. सगळ्यात शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, त्याच्या वर कुठल्या ओळीत ते असतं. 'नेमएरर' म्हणजे ते नाव त्याला माहीत नाही, बहुधा स्पेलिंग चुकलं. 'इंडेंटेशनएरर' म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा बिघडली. 'टाइपएरर' म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची गल्लत. असे पाच-सहा शब्द वहीच्या शेवटच्या पानावर मराठीत अर्थासह लिहून ठेव, सेमिस्टरभर पुरतील. ओळीच्या आकड्यावर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नकोस. सहाव्या ओळीत कंस उघडा राहिला, तर कधी कधी बोंब सातव्या ओळीवर होते.

आणि गणितात ५८ म्हणतेस, तर हे सांग. तू सदाशिव पेठेत राहतेस म्हणजे मेसला जेवत असणार. तिथे खाड्याचा नियम असतोच. समज, महिन्याचे ३००० रुपये, सलग तीन किंवा जास्त दिवस गावी गेलीस आणि आदल्या रात्री सांगून गेलीस तर दिवसाला ८० रुपये कमी. हा नियम पाळताना तू कधी चुकली आहेस का? नसशील. चुकीचे पैसे कापले असते तर तू काकूंशी भांडली असतीस. मग 'इफ' आणि 'अँड' तुला येतात. बाकी आहे ते लिहून काढणं.

लिहिताना तू कदाचित 'खाडे ३पेक्षा मोठे असतील तर' असं लिहिशील. चालव, चार दिवसांना बरोबर येईल, पाचला येईल, आणि तुला वाटेल झालं. मग ३ देऊन बघ. बरोबर तीन दिवस गावी गेलेल्या मुलीचा एक रुपयाही कमी होणार नाही. 'तीन किंवा जास्त' आणि 'तीनपेक्षा जास्त' यांतला फरक तोंडी बोलताना निसटतो, यंत्र तो जसाच्या तसा पाळतं. तुझ्या ४५ची चूक याच जातीची होती, काठावरची. म्हणून कुठलाही प्रोग्राम झाला की त्याला काठावरचे आकडे खायला घाल. इथे ०, २, ३, ४ आणि ३०. अपेक्षित उत्तर आधी कागदावर, मग यंत्रावर. हे तू न शिकवता केलंस, म्हणून तर तुला ४५ चूक आहे हे कळलं.

आणखी एक खड्डा आत्ताच दाखवते, कारण त्यात सगळेच पडतात. 'इनपुट'मधून आलेली गोष्ट पायथन अक्षरं म्हणून धरतो, मग ती ३ का असेना. तिला ८०ने गुणायला सांगितलंस तर २४० येणार नाहीत. तीनचा आकडा ओळीने ऐंशी वेळा छापला जाईल. म्हणून 'इनपुट'ला 'इंट'मध्ये गुंडाळायचं.

लॅपटॉप नाही म्हणून अडू नकोस. अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड नावाचं ॲप टाक, त्यात पायथन इंटरनेटशिवायही चालतं. छोट्या स्क्रीनवर दहा-पंधरा ओळी सहज लिहिता येतात, आणि या कोर्सचे निम्मे प्रोग्राम तेवढेच असतात. कॉलेजची लॅब दुपारी रिकामी असते का ते लॅब असिस्टंटना विचार. इंग्रजी व्याख्यान डोक्यावरून जात असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात संगणकाचे पाठ मराठीतही आहेत, आधी तिथे बघ. कान सरावले की एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर चेन्नईच्या प्रा. माधवन मुकुंद यांचा पायथनचा कोर्स आहे. ते सावकाश, स्वच्छ बोलतात, पण पहिल्या काही आठवड्यांपुढे तो कठीण होत जातो, तिथपर्यंतच घे. आणि 'पायथन ट्यूटर' नावाच्या साइटवर तुझा प्रोग्राम टाकलास तर ती एकेक ओळ चालवून प्रत्येक नावाखाली काय आहे ते चित्रात दाखवते. तुझ्या दोन रकान्यांचंच ते हलतं रूप. आधी कागदावर कर, मग तिच्याशी ताडून बघ.

चॅटजीपीटीबद्दल मी स्पष्ट बोलते. परीक्षेत तुला कोरा कागद मिळणार आहे आणि त्यावर हाताने प्रोग्राम लिहायचा आहे, व्हायवाला समोर माणूस बसणार आहे. तिथे मैत्रिणीचा फोन नसेल. पण वापरूच नकोस असंही मी म्हणणार नाही. आधी अर्धा तास स्वतः झटापट कर. मग तुझा अर्धवट प्रोग्राम दे आणि म्हण, 'पूर्ण करून देऊ नकोस, चूक कुठल्या ओळीत आहे ते मराठीत समजाव.' समजलं की ते बंद कर आणि कोऱ्या पानावर पुन्हा लिही. न बघता लिहिता आलं तरच ते तुझं. जर्नलचंही तसंच. सबमिशनसाठी उतरवावं लागत असेल तर उतरव, पण उतरवलेल्या प्रत्येक प्रोग्रामखाली पेन्सिलीने ड्राय रनचे रकाने काढायचे, हा नियम कर.

सरांकडे जाशील तेव्हा 'मला काहीच कळत नाही' असं म्हणू नकोस. त्याला कुणाकडेच उत्तर नसतं. कागद घेऊन जा आणि म्हण, 'चौथ्या ओळीपर्यंत माझे आकडे जुळतात, पाचव्याला माझ्याकडे ६ आणि यंत्राकडे १० का?' भरभर शिकवणारे सरसुद्धा अशा प्रश्नापुढे खुर्ची ओढून बसतात, हे मी स्टाफरूमच्या आतून सांगते आहे.

सोडायचं का? आत्ता नको. सोडलास तरी त्या क्रेडिटसाठी दुसऱ्या शाखेचा दुसरा काहीतरी विषय घ्यावा लागेल, आणि सहावा आठवडा उलटून गेल्यावर बदलता येतं का ते कॉलेजच्या ऑफिसातच कळेल. मला वाटतं तू तीन आठवडे रोज चाळीस मिनिटं दे. त्यानंतरही मन लागलं नाही तर पास होण्यापुरता कर, बॅक राहू देऊ नकोस, आणि पुढे त्याच्याकडे बघू नकोस. प्रत्येकीला प्रोग्रामर व्हायचं नसतं.

पण अर्थशास्त्राच्या मुलीला मी एक गोष्ट दाखवू इच्छिते. तुझ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, डेक्कनला, गोखले इन्स्टिट्यूट ही अर्थशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९३०ची. तिथे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करून घेतली होती, तिचे अहवाल १९४५ आणि १९५२ साली निघाले. कुटुंबांची मिळकत, धंदे, घरं, सगळं विचारून नोंदवलेलं, आणि तेव्हा संगणक नव्हते. तशी पाहणी उद्या तू तुझ्या गावात केलीस, दोनशे घरांची, तर त्यांची कोष्टकं करायला तुला लागेल तो एक लूप आणि दोन-तीन 'इफ'. तेवढं या सेमिस्टरमध्ये तुझ्या हाती येऊ शकतं.

मेसचा प्रोग्राम आधी लिही. आणि त्यात एक अट मी मुद्दाम सोडली आहे: रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. तीन खाड्यांत रविवार आला तर तो पूर्ण धरायचा की अर्धा, हे पायथनला माहीत नाही, मलाही नाही. काकूंना विचारून घे, मग ती ओळ लिही.